करंडक आणि पाकोळी

ताजव्याचा निकाल मंगळवारी सकाळी सव्वादहाला आला आणि साडेदहाच्या आत पुण्याच्या जलजीव संस्थेत पेढ्यांचा पुडा फुटला. पेढे कुणी आणले ते शेवटपर्यंत कळलं नाही. डॉ. कुमुद खांबेटे यांनी तर नक्कीच आणले नव्हते. बत्तीस वर्षं दगडावरचं शेवाळ खरवडणाऱ्या बाईला पेढे वाटायची वेळ येते कधी?

पण आज आली होती. त्यांच्या करंडकाला चौऱ्याहत्तर गुण मिळाले होते आणि पाकोळी या छोट्या वटवाघळाला एकसष्ट. देशात पहिल्यांदाच डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाने डोळे असलेल्या जिवाला हरवलं होतं.

करंडक म्हणजे डायटम. ओढ्यातल्या दगडावर हात फिरवला की तपकिरी, बुळबुळीत थर बोटाला लागतो, त्यात ते लाखांनी असतात. एकेक पेशी आणि तिच्याभोवती काचेची डबी. तळ वेगळा, झाकण वेगळं, हळदीकुंकवाच्या करंड्यासारखं. नाट्यस्पर्धेच्या करंडकाशी यांचा काही संबंध नाही, हे कुमुदताईंना वर्षातून चारदा तरी कुणाला ना कुणाला सांगावं लागे. मग त्या पुढे ऐकवत, की तुम्ही आत्ता घेतला त्यासारख्या दर पाच श्वासांतला एक यांनी दिलेला आहे. ऐकणारा मान डोलवायचा आणि वाघांविषयी विचारायचा.

ताजवा हे लोकांनी दिलेलं नाव. सरकारी कागदांत ती ‘जैवतुला प्रणाली’ होती. धरण, बोगदा, रस्ता, काहीही होताना दोन जिवांपैकी एकच वाचवता येणार असेल, तर कोणता वाचवायचा हे २०३५पर्यंत वर्तमानपत्रं, मोर्चे आणि मंत्र्यांचे जावई ठरवत. त्यानंतर ते ताजव्याकडे गेलं. या जिवाचे जवळचे नातेवाईक किती, राहण्याच्या जागा किती, तो गेला तर आणखी कुणाचं अडेल आणि एकदा खचला तर सावरायला त्याला किती काळ लागेल, हे सगळं तो प्रत्येक जातीच्या नोंदींतून काढून एका आकड्यात आणायचा. हत्ती आणि बुरशी एकाच मापाने मोजायची ही कल्पना पुष्कळांना चीड आणणारी वाटली होती. कुमुदताईंना ती न्यायाची वाटली. ज्याला डोळे आहेत त्याच्यासाठीच लोक रडतात, आणि ताजव्याला रडता येत नव्हतं.

यावेळी प्रश्न पाटणच्या वरच्या अंगाला होता. डोंगरावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा आणि मधून पाणी वरखाली करून वीज, असा तो प्रकल्प. पायथ्याचा तलाव तीन वर्षांपूर्वीच भरला होता. आता मधला बोगदा खणायचा होता आणि त्याच्या वाटेत काळकड्याची गुहा येत होती. बोगदा खालून नेला तर गुहा बुडणार. वरून नेला तर गुहा राहणार, पण तिच्या तोंडाशी झिरपणारा झरा आटणार. झरा इतका बारीक, की एका बैलाची तहान भागणार नाही. पण त्याच्या दगडांवर एक करंडक होता, जगात दुसरीकडे कुठेही न सापडलेला. आणि गुहेत पिवळसर पाननाकी पाकोळी होती. तिची एकशेसत्त्याऐंशी डोकी शिल्लक होती आणि मादी वर्षाला एकच पिल्लू देई.

करंडकाचं नाव होतं गॉम्फोनेमा केळुसकरी. गोविंद केळुसकर हे कुमुदताईंचे गुरू. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाने करंडकांची बारशी केली आणि स्वतःच्या नावाचं एकही मागे न ठेवता गेले. ती उणीव कुमुदताईंनी भरून काढली होती.

दुपारी फोन वाजला. यास्मिन मुल्लाणी.

“मॅडम, अभिनंदन.”

“मनापासून?”

“मनापासून कसं असेल? माझी पोरं बुडणार आहेत.” यास्मिन हसली, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. “पण तुम्ही जिंकलात. तेवढ्यापुरतं अभिनंदन.”

यास्मिन त्यांचीच विद्यार्थिनी. पाटणच्या बाजाराजवळ वाढलेली, हात अत्यंत हलका, सूक्ष्मदर्शकाखाली केसाने एकेक करंडक उचलून ठेवायची. सरांनंतर ही, असं कुमुदताईंनी मनात पक्कं धरलं होतं. आणि एका पावसाळ्यात ती काळकड्याला नमुने आणायला म्हणून गेली, ती पाकोळ्यांची होऊन परत आली. “काच सोडून कातडं धरलंस,” एवढंच कुमुदताई तिला म्हणाल्या होत्या. त्यानंतर सहा वर्षं दोघींचं बोलणं दिवाळी आणि ईदपुरतं राहिलं.

“शुक्रवारी सुनावणी आहे,” यास्मिन म्हणाली. “निकालावर सही व्हायच्या आधी दोन्ही बाजूंनी नोंदी खऱ्या असल्याचं सांगायचं असतं. तुम्ही याल ना?”

“न यायला काय झालं?”

“निकालाची पुरवणी वाचलीत?”

“वाचेन की.”

“वाचा, मॅडम,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

पुरवणी चाळीस पानांची होती. कुमुदताईंनी चष्मा पुसला आणि शिक्षकाच्या सवयीने शेवटाकडून वाचायला घेतली. झऱ्याच्या पाण्यातल्या डीएनए चाचणीत ही जात सापडली नव्हती. पण काचेची डबी न फुटल्याने असं होऊ शकतं, असं त्यांनीच लिहून दिलं होतं आणि ताजव्याने शंकेचा फायदा करंडकाला दिला होता. पुढे त्यांच्या काचपट्ट्यांची मोजणी होती. ताजव्याने तीन वर्षांच्या पट्ट्यांवरची एकूण एक डबी मोजली होती. २०३३, सरासरी लांबी एकतीस पूर्णांक चार मायक्रॉन. २०३४, एकतीस पूर्णांक चार. २०३५, एकतीस पूर्णांक चार. शेरा: ‘संख्या अत्यंत स्थिर व निरोगी.’ त्याबद्दल सहा गुण जास्तीचे.

कुमुदताईंनी ती ओळ परत वाचली. मग उठून पाणी प्यायल्या आणि तिसऱ्यांदा वाचली.

करंडक वाढतो तो दोन भाग होऊन. डबी उघडते, तळ एकाकडे जातो, झाकण दुसऱ्याकडे. दोघांनाही मिळालेला भाग झाकण म्हणून वापरावा लागतो आणि आत बसेल असा नवा तळ करावा लागतो. झाकणात बसणारा तळ झाकणाहून लहानच असणार. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या डब्या लहान होत जातात. अगदीच लहान झाल्या की नर-मादी पेशी एकत्र येतात, कवच टाकून देतात आणि पुन्हा मोठ्या मापाने सुरुवात होते. जिवंत करंडकांच्या वस्तीत माप कधी एका जागी राहत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही त्या हे कागदाच्या डब्या करून शिकवत.

तीन वर्षं केसभरही न बदललेली लांबी म्हणजे त्या डब्यांत कुणी जगत नव्हतं. तिन्ही वर्षी एकाच जुन्या साठ्यातल्या रिकाम्या डब्या पट्टीवर येत होत्या. ताजव्याला ती तब्येत वाटली होती.

पण साठा कुठला? झऱ्यात त्या वाहून आल्या म्हणावं, तर झऱ्याच्या वर नुसता कातळ. आणि मग कुमुदताईंना तो ब्रश आठवला.

दगडावरचे करंडक खरवडायला जगभर दातांचा ब्रश वापरतात. याहून चांगलं हत्यार अजून कुणाला सुचलेलं नाही. सरांचा त्याबाबत एकच नियम होता. एका जागेला एक ब्रश, आणि काम झालं की तिथेच मोडायचा. केसांच्या बुडाशी डब्या अडकतात, कितीही धुवा, निघत नाहीत. नवा विद्यार्थी आला की सर त्याच्यासमोर ब्रश मोडून दाखवत. त्यांनी एकच ब्रश मोडला नव्हता. २०३२च्या मार्चमध्ये ते धावडीच्या ओढ्यावर एकटेच गेले, तिथे छातीत कळ आली आणि लोकांनी त्यांना उचलून आणलं. जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पत्नीने कुमुदताईंना त्यांचं जाकीट दिलं. खिशात फिकट हिरवा ब्रश होता, दांड्यावर तापल्या खिळ्याने कोरलेलं ‘गो. के.’

कुमुदताईंनी तो तीनदा धुतला, उकळला आणि पुढच्या जानेवारीत काळकड्याच्या झऱ्यावर नेला. सरांच्या हाताने एक तरी जागा व्हावी, एवढंच मनात होतं. त्या जागेसाठी त्यांनी तीन वर्षं तोच वापरला. नमुने रीतीप्रमाणे आम्लात उकळले. त्यात जिवंत असेल-नसेल ते सगळं जळतं आणि नुसती काच उरते. यास्मिनने एकदा विचारलं होतं, “मॅडम, एकदा न उकळता, जिवंत बघूया का?” त्यावर कुमुदताई म्हणाल्या होत्या, “सरांची पद्धत तुला शिकवायला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सरांचं कपाट उघडलं. धावडीची बाटली तिथे होती. सरांच्या सोबत दवाखान्यात आलेली, तिथून इथे आणून ठेवलेली, नऊ वर्षांत कुणी हात न लावलेली. त्यांनाच धीर झाला नव्हता. झाकण फिरवताना पेशी टिकाव्यात म्हणून घातलेल्या आयोडीनच्या वासाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वासानेच आलं असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

एक थेंब, एक काच. पहिल्याच नजरेत दिसला. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळता, मधे ती ओळखीची वाकडी रेघ, आणि आत पेशी. जिवंत असताना टिपलेली, तपकिरी, भरलेली. शेजारी दुसरा, जरा लहान. तिसरा बराच मोठा. सगळ्या मापांचे, जसे असायला हवेत तसे. गॉम्फोनेमा केळुसकरी खुद्द केळुसकरांनीच शोधला होता, धावडीच्या ओढ्यात.

आणि धावडीचा ओढा पायथ्याच्या तलावाखाली होता. २०३६मध्ये ताजव्याने तोही तोलला होता. ‘उल्लेखनीय जाती: नाही.’ शून्य गुण. कुणी एक शब्दही बोललं नव्हतं. वाहत्या पाण्यातल्या दगडाला देठाने चिकटणारा हा जीव, चाळीस मीटर साचलेल्या पाण्याखाली त्याचं काय झालं असेल हे सांगायला ताजवा नको होता. आपण ही बाटली वेळेवर उघडली असती तर, हा विचार कुमुदताईंनी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. तो कुठे जाणार नव्हता हे त्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी त्या संध्याकाळच्या आत काळकड्याला पोचल्या. यास्मिन गुहेच्या तोंडाशी सतरंजी टाकून बसली होती आणि तिच्याशेजारी भागोजी झोरे. खालच्या धनगरवाड्यातला सत्तरीचा माणूस, पाकोळ्या मोजण्यात यंत्रालाही हार न जाणारा.

“यास्मिनबाईच्या मास्तरीणबाई ना तुमी?” भागोजीने त्यांच्या ओंजळीत चिंचोके ओतले. “धा पाकुळ्या भाईर गेल्या की एक चिंचुका टाकायचा. बोलायचं न्हाई. बोललं की चुकतंय.”

“यंत्र नाही का लावलेलं?”

“हाय की. पर त्ये पान हललं तरी मोजतंय.”

सूर्य कड्याआड गेला आणि गुहेतून पहिली बाहेर पडली. मग दोन, मग एकदम पंधरा-वीस. आवाज जवळजवळ नाहीच, गालावर नुसता वारा. त्यातल्या काहींच्या पोटाला पिल्लं चिकटलेली होती. एक मादी कुमुदताईंच्या चेहऱ्यासमोर क्षणभर थबकली, पानासारखं नाक हललं आणि ती वळून गेली. कुमुदताई चिंचोका टाकायला विसरल्या.

“अठरा, आनि वर आठ,” भागोजी म्हणाला. “मास्तरीणबाईंचं सतरा. सवय न्हाई.”

“एकशेअठ्ठ्याऐंशी,” यास्मिन म्हणाली. “एक वाढली.” तिचा आवाज आनंदाने फुटला. उद्यानंतर त्या एकीचं काय करायचं, हा प्रश्न तिघांच्या मधे येऊन बसला. कुमुदताईंना तेव्हाच सांगून टाकावंसं वाटलं. पण अजून मनाचा एक कोपरा म्हणत होता, की सरांचं नाव जगात एवढंच राहिलं आहे आणि सही व्हायला एकच दिवस उरला आहे. नुसतं गप्प बसायचं होतं. त्यांना स्वतःची भीती वाटली.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या सभागृहात होती. निवाडा अधिकारी शिंगटे हा थकलेला, सरळ माणूस होता. भिंतीवरच्या पडद्यावर दोन आकडे, खाली दोन चित्रं. पाकोळीच्या चित्रापाशी गावातल्या बायका चुकचुकत होत्या. करंडकाचं चित्र कुणाला कळत नव्हतं.

“डॉक्टर खांबेटे, आपली नोंद खरी असल्याचं सांगा म्हणजे पुढे जाऊ.”

कुमुदताई उठल्या. चष्म्याच्या डबीतून त्यांनी हिरवा ब्रश काढला आणि टेबलावर ठेवला.

“नोंद चुकीची आहे,” त्या म्हणाल्या. “या झऱ्यात हा करंडक कधीच नव्हता. तो मी या ब्रशातून आणला.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ब्रशाचा नियम, तो आपण कसा मोडला, तीन वर्षांची न बदललेली लांबी, सरांची बाटली. आवाज वर्गात शिकवताना असतो तसा ठेवला. धावडीच्या ओढ्यापाशी आल्यावर मात्र तो चिरकला. “तो ओढा तोलला तेव्हा हा जीव त्यात होता. तो तिथे आहे हे मला माहीत असायला हवं होतं. बाटली माझ्या कपाटात होती. मी ती उघडली नाही, कारण मला रडू आलं असतं. त्यापायी तो ओढा बुडाला.”

शिंगट्यांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

“आपल्याला कल्पना आहे ना? आपलं नाव, संस्थेचं नाव... उद्या लोक म्हणतील, या सूक्ष्म जिवांच्या नोंदी सगळ्याच अशा असतात.”

“म्हणतील,” कुमुदताई म्हणाल्या. “त्यांना मी पट्ट्या दाखवेन. दुसरं काय करणार?”

कारकुनाने दुरुस्ती भरायला घेतली. काळकड्याच्या झऱ्यापुढची जात काढली. आकडे हलले, पाकोळी एकसष्ट, झरा चार. बोगदा वरून जाणार. बायकांमधून कुजबुज उठली. मग कारकून अडला.

“मॅडम, जात रद्द होत नाही, कारण ती खरी आहे. पण मग ‘सध्याचं आढळस्थान’ हा रकाना रिकामा सोडता येत नाही. काय लिहू?”

कुमुदताईंनी ब्रशाकडे पाहिलं. “लिहा, एक बाटली आणि एक ब्रश.”

त्याने शिंगट्यांकडे पाहिलं. शिंगट्यांनी मान हलवली. त्याने लिहिलं. ताजव्याने नोंद स्वीकारली आणि पडद्यावर उत्तर दिलं: ‘आढळस्थानं: दोन. संख्या स्थिर.’



बाहेर आल्यावर यास्मिन भिंतीला टेकून उभी होती. डोळे लाल.

“तुला दिसलं होतं,” कुमुदताई म्हणाल्या. “लांबीची ती ओळ.”

“मंगळवारीच. तुम्हीच शिकवलंय ना, कागदाच्या डब्या करून.”

“मी बोलले नसते तर?”

यास्मिनने खोटं बोलायचा विचार केला असावा, पण तसं तिला जमणारं नव्हतं. “विचारलं असतं, मॅडम. सगळ्यांसमोर. रात्रभर पाठ करत होते, कसं विचारायचं ते.”

“शाबास,” कुमुदताई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांच्या आतून आला. सहा वर्षांनी त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “चल, झऱ्यावर जाऊ. बोगद्याआधी त्यात खरंच काय आहे ते तरी बघू.”

झरा आटणारच होता. बोगदा वरून गेल्यावर एका वर्षात, फार तर दीड. कुमुदताईंनी बाजारातून घेतलेलं बारा ब्रशांचं पाकीट फोडलं आणि एक यास्मिनच्या हातात दिला. तिने पाच दगड उचलले, एकेक घासून पाणी बाटलीत धरलं. हात अजून तसाच हलका होता. कुमुदताईंनी प्रवासी सूक्ष्मदर्शक कातळावर मांडला आणि थेंब न उकळता, जिवंतच पाहिला.

“अकरा जाती,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “सगळ्या साध्या. कुठल्याही ओढ्यात मिळतील.”

“म्हणजे शून्य.”

“चार. चार दिलेत त्याने.” त्यांनी पुन्हा डोळा लावला. एक करंडक होडीसारखा सावकाश सरकत पट्टीच्या कडेला चालला होता. त्याला आपले गुण ठाऊक नव्हते. कुमुदताईंनी अकराही नावं वहीत लिहिली, तारीख घातली, झऱ्याचं नाव घातलं.

वर गुहेच्या तोंडाशी भागोजी येऊन बसला होता. त्याने चिंचोक्यांची पिशवी सोडली. उजेड उतरत होता.

“मॅडम, याचं काय करू?” यास्मिनने ओला ब्रश पुढे केला.

“सांगायला लागतं का?”

यास्मिनने तो दोन्ही हातांत धरून मोडला आणि तुकडे पिशवीत टाकले. मग दोघी वर गेल्या आणि भागोजीने त्यांना चिंचोके वाटून दिले.